तंबोऱ्याची गोष्ट की पाण्याची? एका चित्रपुस्तकाच्या क्वेरी लेटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

लेखिका मूळची मिरजेची, आता न्यू जर्सीत स्थायिक. नोकरी रुग्णालयाच्या बिलिंग विभागात, लेखन हौसेचं आणि मराठीत. मंडळाचा वार्षिक अंक, दोन-तीन दिवाळी अंक, एवढा आजवरचा प्रवास. तिच्या परवानगीने हे लिहितो आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचे परिणाम मात्र घडले तसेच ठेवले आहेत. मुलांसाठी लिहिणाऱ्या आम्हा काही जणांचा ऑनलाइन वाचनगट आहे. ही संहिता तिथे आली, त्यामुळे तिचा प्रवास जवळून पाहता आला.

संहिता इंग्रजीत होती, चित्रपुस्तकाची. सात वर्षांची मिनू, तिचे आजोबा मिरजेत तंबोरे बनवणारे. आजोबा नातीला सगळी कला समजावून सांगतात: भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून कसे येतात, महिनोन्‌महिने कसे वाळवतात, दांडीला कुठलं लाकूड लागतं, जवारी (घोडीवरची, तारेचा झंकार खुलवणारी घडण) काढायला किती सफाईचा हात लागतो. पूर्वी शस्त्रं घडवणारी शिकलगार घराणी वाद्यांकडे कशी वळली, तेही त्यात होतं. शेवटच्या तीन पानांत मिनू पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकते. एकूण साधारण १,४५० शब्द. सोबत भाच्याने काढलेली बारा रंगीत चित्रं.

मराठीत पुस्तक काढायचं तर आपण सहसा ओळखीतून प्रकाशकाला फोन करतो, भेटायला जातो, हस्तलिखित ठेवून येतो. एजंट नावाचा माणूस मधे येत नाही. अमेरिकेतली रीत वेगळी. तिथल्या बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्था लेखकाने थेट पाठवलेली संहिता वाचतच नाहीत, एजंटकडून आलेली वाचतात. एजंटला गाठायचं साधन म्हणजे क्वेरी लेटर: एका पानाचं, अडीचशे-तीनशे शब्दांचं पत्र. कादंबरी असेल तर पत्राखाली पहिली काही पानं आणि कथासार मागतात. चित्रपुस्तकाचं बरं असतं, मजकूरच इतका छोटा की बहुतेक एजंट पत्राखाली पूर्ण संहिता चिकटवायला सांगतात. एजंट वाचनाचे पैसे घेत नाही. पुस्तक विकलं गेलं तर देशांतर्गत व्यवहारावर साधारण १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर बहुधा २० टक्के कमिशन घेतो.

अडचण

पहिल्या खेपेला तिने आठ-नऊ एजंटांना पत्रं पाठवली. दोघांकडून छापील नकार आला, बाकीच्यांकडून काहीच नाही. कित्येक एजंटांच्या नियमांतच लिहिलेलं असतं की अमुक आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजावा. हे तिला ठाऊक नव्हतं. ती रोज मेल उघडून बघत होती आणि आठवण करून देणारं पत्र पाठवावं का, या विचारात होती.

गटात तिने ते पत्र वाचून दाखवलं. इंग्रजी पत्राचा मराठी गोषवारा असा:

«आदरणीय महोदय/महोदया, मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत राहते आणि मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे. आजची मुलं पडद्यात गुंतली आहेत. त्यांना आपल्या समृद्ध सांगीतिक परंपरेची ओळख व्हावी या तळमळीने मी हे पुस्तक लिहिलं. यातून मुलांना जिद्द, वडीलधाऱ्यांचा आदर आणि हस्तकलेचं महत्त्व कळेल. माझ्या मुलांना आणि त्यांच्या मित्रांना गोष्ट फार आवडली. माझ्या भाच्याने सुंदर चित्रं काढली आहेत. ही दहा पुस्तकांची मालिका होऊ शकेल. कृपया एक संधी द्यावी.»

हे पत्र वाईट आहे असं मला वाटत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकाला असंच पत्र जातं आणि ते रुजूही होतं; आधी स्वतःची ओळख, मग हेतू, शेवटी विनंती. पण रोज पन्नासेक पत्रं उघडणाऱ्या एजंटला या अख्ख्या मजकुरातून तीन गोष्टी कळत नाहीत: गोष्ट कुणाची, त्या कुणाला काय हवंय, आणि त्यात अडथळा काय. पुस्तक किती शब्दांचं आणि कुठल्या वयाच्या मुलांसाठी, हेही नाही. संस्कारांची यादी मात्र आहे. मुलांना काय शिकवायचं ते आधी सांगणारं पत्र आलं की तिथला वाचणारा सावध होतो, कारण संहिताही तशीच उपदेश करणारी निघणार, हा त्याचा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. मुलांना गोष्ट आवडली हे वाक्यही तिथे उपयोगाचं नाही. घरची मुलं नावडलं असं क्वचितच म्हणतात.

पत्र दुरुस्त करायचं म्हणून गटातल्या एकीने विचारलं, «ताई, पत्र राहू दे. गोष्ट कशाबद्दल आहे ते दोन वाक्यांत सांगा.»

ती म्हणाली, «तंबोरा कसा बनतो, त्याची गोष्ट.» मग थांबून म्हणाली, «म्हणजे तसं बघितलं तर मिनूला पाण्याची भीती वाटते, ती कशी जाते, ते.»

प्रकरणाची गाठ इथे होती. पत्रात गोष्ट सांगितलेली नव्हती, कारण संहितेतच दोन गोष्टी होत्या आणि कुठली धरायची हे ठरलेलं नव्हतं. पत्राचे शब्द घासून हा प्रश्न सुटणार नव्हता.

समोरचे पर्याय

संहितेचं काय करायचं आणि ती कुठे पाठवायची, असे दोन प्रश्न एकदमच समोर आले. ते वेगवेगळे ठेवणं अवघड गेलं.

संहितेबाबत एक मत असं होतं की तंबोराच ठेवा, पाणी काढा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, विषय ताजा आहे, आणि माहितीपर चित्रपुस्तकांना शाळा-ग्रंथालयांत जागा असते. हे मत चुकीचं नव्हतं. पण मग ते माहितीपर पुस्तक म्हणून नव्याने लिहावं लागलं असतं. संशोधन, मुलाखती, छायाचित्रं आलीच. दुसरं मत, पाण्याची भीती हीच गोष्ट, तंबोऱ्याचं दुकान ही त्या गोष्टीची जागा. कारागिरीची माहिती शेवटच्या टिपेत जाऊ शकते. अमेरिकी चित्रपुस्तकांत अशी लेखकाची टीप नेहमीची असते आणि संहितेच्या शब्दसंख्येत ती सहसा धरत नाहीत.

शब्दसंख्येचा मुद्दा टाळता येण्यासारखा नव्हता. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छपाईचे फर्मे १६ पानांच्या पटीत येतात. शीर्षक, श्रेयनामावली वगैरे वगळता गोष्टीला बारा ते चौदा जोडपानं उरतात. १,४५० शब्द त्यात कोंबले तर चित्राला श्वास घ्यायला जागा राहत नाही. कथाप्रधान चित्रपुस्तकांच्या संहिता आज पाचशे शब्दांच्या आसपास मागितल्या जातात.

कुठे पाठवायची यात चार वाटा होत्या. अमेरिकी एजंट ही पहिली. दुसरी, एजंटशिवाय संहिता घेणारे तिथले छोटे प्रकाशक. यात एक मेख आहे: संहिता आधीच दहा प्रकाशकांकडून परत आलेली असेल तर पुढे मिळालेला एजंट ती त्याच दारांत पुन्हा नेऊ शकत नाही. म्हणून एजंट हवा असेल तर तो आधी, थेट प्रकाशक नंतर. तिसरी वाट भारतातले मुलांच्या पुस्तकांचे प्रकाशक. चेन्नईचं तूलिका इंग्रजीसह मराठी आणि इतर भारतीय भाषांत पुस्तकं काढतं, २००४ साली सुरू झालेलं प्रथम बुक्सही अनेक भाषांत काढतं, आणि अशा ठिकाणी लेखक थेट संपादकाला लिहू शकतो. चौथी वाट गटातल्या एकाने सुचवली: प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोष्ट स्वतःच टाकायची. वाचक भरपूर मिळतात, भाषांतरंही होतात. पण तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला होतो, कुणीही श्रेय देऊन तो वापरू शकतो. ज्या गोष्टीचे अनन्य हक्क पुढे विकायचे आहेत तिच्यासाठी ही वाट नव्हे.

याच सुमारास एका कंपनीचं मेल आलं: आम्ही तुमचं पुस्तक जागतिक पातळीवर प्रकाशित करू, तुम्ही फक्त निर्मितीखर्चाचा वाटा उचला. रक्कम काही हजार डॉलर. इतक्या शांततेनंतर आलेलं पहिलं कौतुकाचं पत्र होतं ते, त्यामुळे ती दोन दिवस डगमगली. मग तिनेच सोडून दिलं. प्रकाशक लेखकाला पैसे देतो. उलट मागतो तेव्हा तो छपाईची सेवा विकत असतो. सेवा म्हणून ती कुणी विचारपूर्वक घ्यावी, पण तिला प्रकाशन म्हणू नये.

घेतलेले निर्णय

गोष्ट पाण्याची, हे ठरलं. त्यानंतर संहिता कापणं सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. आजोबांचं प्रत्येक वाक्य तिला प्रिय होतं. खरा बदल वेगळ्याच बाजूने आला. गटात कुणीतरी विचारलं की हे आजोबा तुमचे का? नव्हते. तिचे वडील सरकारी नोकरीत, वाद्यांची गल्ली घरापासून दोन गल्ल्या पुढे. मिरजेतल्या वाद्यकारागिरांत मुस्लिम शिकलगार घराणी मोठ्या संख्येने आहेत. संहितेत मात्र आजोबांचं घर तिच्या स्वतःच्या घरासारखं झालं होतं, देव्हाऱ्यापासून पुरणपोळीपर्यंत.

अमेरिकेत एजंट हमखास विचारतो की ही गोष्ट सांगणाऱ्या तुम्ही कोण. २०१४ मध्ये मुलांच्या पुस्तकांत सगळ्या समाजांना जागा मिळावी म्हणून ‘वुई नीड डायव्हर्स बुक्स’ची चळवळ सुरू झाली तेव्हापासून हा प्रश्न अधिक उघडपणे विचारला जातो. काहींना तो जाचक वाटतो. इथे त्याने गोष्टीचं भलं केलं. लेखिकेने आजोबांना शेजारचे चाचा केलं आणि मिनूला शेजारच्या घरातली, त्यांच्या दुकानात दिवसभर लुडबुडणारी मुलगी. तिचं स्वतःचं बालपण तसंच गेलं होतं. आजोबा नातीला शिकवत बसतात. शेजारचे चाचा कामात असतात, मुलीला «हात लावू नकोस» एवढंच म्हणतात. निम्मी माहिती आपोआप गळाली. मग मिरजेतल्या ओळखीतून तिने एका कारागिराला संहिता वाचायला दिली, फोनवर मराठीत सांगत सांगत. त्यांनी हत्यारांच्या आणि वाळवणीच्या दोन चुका काढल्या. वर असंही म्हणाले की तंबोऱ्याचा चांगला भोपळा आम्ही पोरांना पोहायला कशाला देऊ? यातून गोष्टीला तिचा मुख्य धागा मिळाला: भोपळा तंबोऱ्याला लहान पडलेला असला पाहिजे.

भाच्याच्या चित्रांचा निर्णय सगळ्यात नाजूक. चित्रकार प्रकाशक निवडतो, लेखकाने आणायचा नसतो. लेखक स्वतः व्यावसायिक चित्रकार असेल तर गोष्ट वेगळी. सोबत जोडलेली चित्रं पसंत पडली नाहीत तर संहिताही बाजूला ठेवली जाते. भाचा पुण्यात कलाशिक्षण घेत होता आणि बारा चित्रांवर त्याची सुट्टी गेली होती. तिने त्याला फोन केला.

«मावशी, मग माझी चित्रं वाया?»

«वाया नाहीत रे. पण माझ्या पत्राबरोबर नाही जाणार. तू तुझ्या नावाने पाठव, तुझ्या कामाचा नमुना म्हणून.»

तो महिनाभर नीट बोलला नाही, असं ती सांगते.

एजंटांची यादीही नव्याने केली. चित्रपुस्तकं घेतो का, सध्या संहिता स्वीकारतो आहे का, आणि एकाच एजन्सीतल्या एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार असा नियम आहे का, एवढं प्रत्येकाचं तपासून घेतलं. पहिल्या खेपेत तिने एकाच एजन्सीतल्या दोघींना एकाच दिवशी पत्रं पाठवली होती. पाच-सहाच्या तुकड्या करायच्या, एका तुकडीची उत्तरं पाहून मग पुढची पाठवायची. काही एजंट क्वेरीमॅनेजरचा ऑनलाइन फॉर्म भरायला लावतात, काही साधं मेल घेतात. मेलला जोडफाइल चालत नाही, सगळं मजकुरातच चिकटवायचं. पत्रात आपल्या पुस्तकाशी साम्य असणारी अलीकडची एक-दोन पुस्तकंही सांगायची असतात. ही तुलनेची पुस्तकं शोधायला गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या मुलांच्या विभागाची ग्रंथपाल मदतीला आली. गेल्या तीन-चार वर्षांतली, फार गाजलेली नव्हेत अशी दोन निवडली: एक पाण्याच्या भीतीबद्दलचं, एक कारागीर शेजाऱ्याबद्दलचं. भोपळा म्हटल्यावर मराठी वाचकाला लेकीकडे निघालेली म्हातारी आठवते. तो उल्लेख पत्रात ठेवायचा तिचा फार आग्रह होता, पण एजंटला ती आठवण नाही आणि तुलनेतून त्याला दुकानातली शेल्फची जागा कळायला हवी असते.

शेवटचं पत्र

दुसऱ्या खेपेचं इंग्रजी पत्र तीनशे शब्दांच्या बरंच आत राहिलं. मराठीत ते असं:

«प्रिय —, तुम्ही हाताळलेल्या पुस्तकांच्या यादीत पाहिलेल्या शांत, विनोदी चित्रपुस्तकांमुळे ही संहिता तुम्हाला पाठवते आहे.

कृष्णेच्या घाटावर मिनू एकटीच कोरडी असते. गल्लीतली सगळी मुलं पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकली. सात वर्षांच्या मिनूकडे दर रविवारी नवी सबब असते. शेजारच्या चाचांच्या तंबोऱ्याच्या दुकानात एक भोपळा कोपऱ्यात पडून आहे. तंबोऱ्याला लहान, टाकून द्यायला मोठा. मिनू तो मागून घेते. उशाशी ठेवते, बाजारात नेते, शाळेत नेते. नदी सोडून सगळीकडे. आणि एके दिवशी तो घाटाच्या पायऱ्यांवरून गडगडत पाण्यात जातो.

‘पाठीवरचा भोपळा’ हे ५४० शब्दांचं चित्रपुस्तक ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. (इथे तुलनेची दोन पुस्तकं.) तंबोरा कसा बनतो आणि भोपळ्याने पोहण्याची जुनी रीत काय होती, यावर शेवटी एक पानाची टीप आहे.

मी मिरजेत वाद्यं बनवणाऱ्यांच्या शेजारच्या वस्तीत वाढले आणि भोपळा बांधूनच पोहायला शिकले. मी कारागीर घराण्यातली नाही. संहिता तिथल्या एका कारागिराने वाचून तपासली आहे. माझ्या कथा मराठी नियतकालिकांत आल्या आहेत, इंग्रजीतली ही पहिली. संहिता खाली आहे. ती आणखी काही एजंटांकडेही पाठवली आहे.»

पहिल्या पत्रातली कुठली गोष्ट यात नाही ते पाहण्यासारखं आहे. तळमळ, आदर, परंपरा, मालिका, विनंती, सगळं गेलं. मराठी लेखनाचा उल्लेख मात्र राहिला. गटात काहींचं म्हणणं होतं की तिथे त्याला कोण विचारतं. मला तो ठेवणं योग्य वाटलं, कारण संपादकाच्या हाताखालून गेलेला मजकूर हे लेखकाचं भांडवलच, भाषा कुठलीही असो. «आणखी काही एजंटांकडेही पाठवली आहे» हे वाक्य आपल्याला उद्धट वाटतं. तिथे एकाच वेळी अनेकांना पाठवणं सर्वमान्य आहे आणि तसं सांगणं हा शिष्टाचार.

काय घडलं

दुसऱ्या खेपेत पहिल्यांदा माणसांनी लिहिलेली उत्तरं आली. एका एजंटने लिहिलं की आवाज आवडला, पण पोहता न येणारं मूल भोपळ्यामागे नदीत उडी मारतं, हे पालक आणि ग्रंथपालांपुढे ठेवता येणार नाही. लेखिकेला आधी राग आला. आम्ही सगळे असंच शिकलो, ही तिची पहिली प्रतिक्रिया. मग तिने तो प्रसंग बदलला. भोपळा खालच्या पायरीशी अडकतो आणि मिनू एकेक पायरी उतरते, पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. तिथे उभी असलेली ताई तिच्या पाठीला भोपळा बांधते. उडी एका पानात संपत होती. पायऱ्यांना चार जोडपानं मिळाली आणि पुस्तकातला सगळ्यात चांगला भाग तोच झाला. बदललेली संहिता त्याच एजंटला परत पाठवावी का, यावर गटात चर्चा झाली. सुधारून पाठवा असं एजंटने स्वतः म्हटलं असेल तरच पाठवायची, असा संकेत आहे. तसं म्हटलेलं नव्हतं. तिने पाठवली नाही.

दुसऱ्या एजंटचं उत्तर जास्त आशादायक होतं: ही गोष्ट आवडली, आणखी काय तयार आहे? चित्रपुस्तकांचे एजंट एका संहितेवर करार क्वचित करतात. त्यांना लेखक हवा असतो, म्हणून अजून दोन-तीन तयार संहिता पाहतात. लेखिकेकडे तयार अशी एकही नव्हती. जुन्या दोन मराठी कथा तिने आठवड्याभरात इंग्रजीत आणल्या आणि पाठवल्या. महिन्याभराने नम्र नकार आला: पहिल्या संहितेची ताकद या दोनांत दिसत नाही, पुढे नवीन काही झालं तर जरूर दाखवा.

उरलेल्या तुकड्यांची उत्तरं संपल्यावर तिने भारतातल्या एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकाला लिहिलं. पत्र आणखी छोटं झालं. तुलनेची पुस्तकं काढली, कृष्णेचा घाट समजावणारे शब्द काढले, आणि एक नवं वाक्य आलं: मराठी आवृत्ती मी स्वतः लिहीन. काही महिन्यांनी होकार आला. संपादकाला भोपळ्याइतकंच या वाक्यानेही खेचलं, असं नंतर कळलं.

करारावर एक थांबा लागला. मसुद्यात सर्व भाषा, सर्व जग आणि कॉपीराइटची पूर्ण मुदत लिहिलेली होती. आपल्याकडे ती मुदत लेखकाच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांच्या हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. मसुद्यात दोन्ही स्पष्ट लिहिलेलं असल्याने या तरतुदीचा तिला आधार नव्हता. बोलणंच करावं लागणार होतं. तिने एका मेलमध्ये तीन ओळींत विचारलं: भारतीय उपखंडासाठी इंग्रजी आणि भारतीय भाषा घ्या, उत्तर अमेरिकेचे हक्क माझ्याकडे राहू द्या, पुस्तक ठरावीक काळ छापील उपलब्ध नसेल तर हक्क परत मिळावेत. संस्थेने पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या, तिसरीला मोघम शब्द आले. तिने सही केली.

भाच्याने स्वतःच्या नावाने त्याच संस्थेला नमुने पाठवले आहेत. या पुस्तकाला दुसरी चित्रकार मिळाली आहे. तिने तंबोऱ्याच्या दुकानाची पहिली रेखाटनं पाठवली तेव्हा खुंट्या चुकीच्या बाजूला होत्या. त्या मिरजेच्या कारागिरानेच दुरुस्त करून दिल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा क्रमाचा. पत्राचा मधला परिच्छेद संहिता पाठवण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या खर्ड्याच्या सुमारास लिहून पाहिला असता तर दोन गोष्टींची गुंतागुंत तेव्हाच दिसली असती. पहिले आठ-नऊ एजंट त्यात खर्ची पडले. हीच संहिता त्यांना पुन्हा पाठवता येत नाही, आणि त्यांतल्या निदान दोघींना सुधारलेली आवडली असती असं त्यांच्या याद्या पाहून वाटतं.

दुसरा मुद्दा यापेक्षा महागात पडला. «आणखी काय आहे?» हा प्रश्न येणार हे अमेरिकेत चित्रपुस्तकं लिहिणारा कुणीही सांगू शकला असता. सोसायटी ऑफ चिल्ड्रन्स बुक रायटर्स अँड इलस्ट्रेटर्स ही १९७१ पासूनची संस्था, तिची न्यू जर्सीत शाखा आहे. तिथे सदस्य व्हायचं तिने पुढे ढकललं आणि नकारानंतर झाली. आणि प्रश्न आलाच होता, तर आठवड्यात दोन संहिता उरकण्यापेक्षा «दोन संहितांवर काम चालू आहे, तीन महिन्यांत पाठवते» असं उत्तर देता आलं असतं. एजंट थांबले असते का, सांगता येत नाही. पण उरकलेल्या संहितांनी जो निकाल लावला त्यापेक्षा वाईट काही झालं नसतं.

भारतीय प्रकाशकाचा होकार घेण्याबद्दल गटात अजून एकमत नाही. एका सभासदाच्या मते पुस्तक इथे छापलं गेल्यावर अमेरिकी एजंटचा रस कमी होतो. उत्तर अमेरिकेचे हक्क कागदावर राखलेले असले तरी त्यांना गिऱ्हाईक मिळणं कठीण. हे खरं आहे. तरी मला लेखिकेचा निर्णय पटतो. ती गोष्ट मराठीतही यायला हवी होती, आणि मिरजेच्या मुलांच्या हातात ती न्यू जर्सीमार्गे कधी आली असती कोण जाणे. मला खटकतं ते इतकंच, की हक्क परत मिळण्याच्या कलमातला मोघमपणा तिने चालवून घेतला. छापील उपलब्ध म्हणजे किती प्रती, आणि ई-पुस्तक त्यात धरायचं का, एवढं लिहून घ्यायला आणखी एक मेल पुरलं असतं.

त्या दुसऱ्या एजंटला ती पुन्हा लिहिणार आहे. नव्या संहितेचा परिच्छेद यावेळी आधी लिहिला गेला, संहिता ६२० शब्दांवर आली आहे. त्यातही एक आजोबा आहेत, आणि ते अजून जरा जास्तच बोलतात.